तुटक हिरवी रेघ

भावाला किडनी मी द्यायची, असं आमच्या घरात कुणी बसून ठरवलं नव्हतं. ते आपोआपच ठरलेलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई सत्तरीच्या पुढची, साखर आणि रक्तदाब दोन्ही असलेली. उरले मी. त्याच्याहून मोठी, लग्न न केलेली, चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या बँकेत नोकरीला, आणि अंगानं अशी दणकट की आजारपणाची रजा दरवर्षी तशीच पडून राहायची. डायलिसिसच्या खुर्चीत त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, चला, एक आपली आहे ती देऊन टाकू.

वडिलांची रेल्वेतली बदली झाली तेव्हा आमचं कुटुंब सांगलीकडून तांबरमला आलं आणि इथलंच झालं. भाऊ इथेच जन्मला. त्याला लहानपणापासून कमी ऐकू येतं. पण समोरच्याच्या ओठांवरून तो मराठी, तमिळ आणि इंग्रजी या तिन्ही भाषा वाचतो. शिकला, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात लागला, आणि तिथल्याच एका शाळेत गणित शिकवणाऱ्या तमिळ मुलीशी त्यानं लग्न केलं. सगळं बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. जिना चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या आक्रसून गेलेल्या निघाल्या.

"कशानं झालं हे?" मी विचारलं होतं.

"आता सांगता येणं कठीण आहे," पहिल्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "इतक्या लहान झालेल्या किडनीचा तुकडा काढणं धोक्याचं आहे. आणि कारण कळून आता उपयोगही नाही." फाइलवर त्यांनी 'कारण अज्ञात' असं लिहिलं आणि आम्हीही ते मान्य केलं. लहानपणी तापाबिपात त्याची लघवी चहाच्या रंगाची व्हायची. शेजारपाजारचे म्हणायचे, 'सूडु' आहे, अंगातली उष्णता, शहाळ्याचं पाणी द्या. आई द्यायची. चार दिवसांत रंग निवळायचा. यात डॉक्टरला सांगण्यासारखं काही आहे, असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलंच नाही.

प्रत्यारोपणासाठी आम्ही दुसऱ्या, मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या किडनीच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. शांत, हळू बोलणाऱ्या. भाऊ खोलीत असला की मास्क खाली ओढून, त्याच्याकडे तोंड करून बोलायच्या. इतक्या दवाखान्यांत हिंडलो होतो, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून भावाची त्यांच्यावर श्रद्धा बसली.

माझ्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळत गेलं. आई घरी देवापुढे दिवा लावून बसायची. आणि एक दिवस डॉक्टरांनी मला आणि आईला बोलावून घेतलं.

"तुमच्या लघवीत तांबड्या पेशी दिसताहेत," त्या म्हणाल्या.

"पाळीच्या आसपास दिली असेल मी."

"म्हणूनच तर पुन्हा मागवली. प्रत्येक वेळी आहेत. थोड्याच आहेत, पण आहेत."

मला खरं तर रागच आला. तारीख ठरायच्या बेतात होती. भाऊ दिवसाआड त्या खुर्चीत बसत होता, पाण्याचे घोट मोजून पीत होता, आणि या बाई थोड्याशा पेशींवर अडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, मला आयुष्यात काही झालेलं नाही. तुम्ही पुढे चला."

त्यांनी माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. "भावाला ऐकू कमी येतं ना? केव्हापासून?"

"लहानपणापासून. कान दुखत होता म्हणून आईनं लसणीचं तेल घातलं होतं कानात. त्यानंतर."

हे मी अगदी सहज बोलून गेले. आमच्या घरात ते तसंच बोललं जायचं. पत्ता सांगावा तसं. शाळेतून पहिली तक्रार आली तेव्हा आत्या राहायला आली होती. ती म्हणाली, "तूच त्याचे कान घालवलेस," आणि तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरातच राहिलं. आईनं कधी नाकारलं नाही. डॉक्टरांसमोरही ती मान खाली घालून पदराचं टोक चाळत राहिली.

"घरात आणखी कुणाला ऐकायला कमी येत होतं?" डॉक्टरांनी आता आईलाच विचारलं. तमिळमध्ये, हळू.

"माझ्या भावाला," आई म्हणाली. "पण तो दिवाळीत कानाशी फटाका फुटला म्हणून."

"ते आहेत?"

"नाही. तिशीतच गेला. सगळ्या अंगावर सूज आली होती. काय झालं ते कळलंच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला एकदम कळलं की आम्ही आत्ता काहीतरी मोठं सांगून बसलो आहोत. मामाच्या बहिरेपणाची एक गोष्ट होती, भावाच्या बहिरेपणाची दुसरी. दोन्ही गोष्टी इतक्या पक्क्या होत्या की त्या शेजारी ठेवून पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"मला एक शंका आहे," त्या म्हणाल्या. "खरी असेल तर तुमची किडनी घेता येणार नाही. शंका खोटी ठरली तर मीच तारीख देईन. त्यासाठी तुमच्या आणि तुमच्या भावाच्या कातडीचा एक बारीकसा तुकडा लागेल. रक्तही जनुकांच्या तपासणीला पाठवू, पण त्याला वेळ लागतो."

"कातडीचा? किडनीसाठी?"

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. किडनीत रक्त गाळणारा एक पातळ पडदा असतो. तो विणलेला असतो कोलॅजनचा. कोलॅजनचे प्रकार पुष्कळ. त्यातली एक विशिष्ट जातीची साखळी किडनीच्या त्या पडद्यात असते, कानाच्या आत असते, आणि नशिबानं कातडीतही असते. ती जन्मापासूनच नसेल तर गाळणी हळूहळू फाटत जाते आणि कानही जातात. किडनीला हात न लावता कातडीत पाहिलं तरी बरेचदा कळतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला मराठीत म्हणाली, "म्हणजे कापडात एक धागाच नाही, असं म्हणतायत त्या." मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "यापुढे मी असंच सांगत जाईन."

तुकडे काढायच्या दिवशी एक गंमत झाली. दंडाला बधिर करून पेन्सिलीच्या टोकाएवढी कातडी काढली, त्यात दुखण्यासारखं काही नव्हतं. पण दाराशी एक वयस्कर गृहस्थ हातात बर्फाचा डबा घेऊन उभे होते. मला वाटलं, शिपाई असतील. ते निघाले प्रयोगशाळेचे मुख्य डॉक्टर. तुकडा कुणी सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर ही तपासणी होत नाही, तो ताजाच गोठवावा लागतो. म्हणून ते स्वतः खाली आले होते. भावाचा तुकडा आणि माझा तुकडा, दोन्ही त्यांनी आपल्या हातानं डब्यात ठेवले आणि लहान मूल नेल्यासारखे जपून नेले.

निकाल सांगायला त्यांनीच मला वर बोलावलं. भाऊ डायलिसिसवर होता, त्याची बायको त्याच्यापाशी. मी एकटीच गेले.

"नुसता कागद देऊ शकतो," ते म्हणाले, "पण तुम्हाला पाहायचं असेल तर दाखवतो."

मी म्हटलं, दाखवा.

एका लहानशा अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. काय पाहायचं ते त्यांनी आधी सांगितलं. त्यांच्याजवळ एक प्रतिपिंड असतं. मोनोक्लोनल. म्हणजे एकाच पेशीच्या वंशातल्या पेशींनी बनवलेलं, थेंब न् थेंब सारखा. ते कोलॅजनच्या त्या एकाच साखळीला ओळखतं, दुसऱ्या कशालाही चिकटत नाही. त्याला हिरवा चमकणारा रंग जोडलेला असतो. सोबत दुसरं एक प्रतिपिंड असतं, तांबड्या रंगाचं. ते कोलॅजनच्या दुसऱ्या एका साखळीला धरतं, जी सगळ्यांतच असते. तांबडी रेघ दिसली म्हणजे कातडीचा तुकडा चांगला आहे, तपासणी नीट झाली. मग हिरवं पाहायचं.

आधी त्यांनी एका निरोगी माणसाची काच लावली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर तांबडी रेघ, आणि रंगांची चकती फिरवताच त्याच जागी हिरवी. डोंगराच्या कडेसारखी वरखाली होत गेलेली, कुठेही न तुटलेली. इतकी सुंदर की आपण इथे कशाला आलोय ते मी क्षणभर विसरले.

मग भावाची काच. तांबडी रेघ पूर्ण. हिरवं लावलं, आणि काहीच नाही. नुसता अंधार. मी डोळा काढून पुन्हा लावला. "मी बरोबर बघतेय ना?"

"हो," ते म्हणाले. "तेच बघायचं आहे."

"आणि माझी?"

मग त्यांनी काच बदलली. तांबडी रेघ अखंड. हिरवी होती, पण तुटक. थोडी आहे, मग नाही, मग पुन्हा आहे. घाईघाईनं घातलेल्या धावदोऱ्यासारखी.

"हा दोष असलेल्या स्त्रियांत असं दिसतं," ते म्हणाले. "काही पेशी ती साखळी करू शकतात, काही नाही. तुमच्या किडनीतही असंच असणार. दोन किडन्या मिळून तुम्हाला आयुष्यभर पुरतील. वेळीच औषध घेतलंत तर नक्की. पण एक काढून दिली असती तर उरलेली एकटी पुरली नसती."

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. रडू आलं ते स्वतःसाठी नव्हतं, त्याला आता कोण देणार यासाठी होतं. त्यांनी दिवा लावला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "ही हिरव्या प्रतिपिंडाची बाटली वर्षातून मोजक्या वेळा लागते. परदेशातून मागवायची, शीतकपाटात जपायची. दर वर्षी इस्पितळातले हिशेबवाले मला विचारतात, ठेवायलाच हवी का? आज मी त्यांना उत्तर देईन."

किडनीच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवून निकाल सांगितला. त्या रोगाला कुणा जुन्या डॉक्टराचं नाव आहे, आईला ते आजवर उच्चारता आलेलं नाही. हा दोष आईकडून आलेला होता, आईला तिच्या आईकडून. मामा त्यातच गेला असणार. हे सांगताना त्या आईकडे तोंड करून बोलत होत्या, आणि मला भीती वाटत होती की आता आणखी एक खापर हिच्या माथी फुटणार. पण आईनं विचारलं ते वेगळंच.

"आणि तेल?"

"कसलं तेल?"

"कानात घातलेलं. लसणीचं."

डॉक्टरांना आठवलं. त्यांनी आईचा हात हातात घेतला. "अम्मा, तेलाचा काहीही संबंध नाही. तुम्ही तेल घातलं नसतं तरी त्याचे कान गेलेच असते. थेंबभरही संबंध नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. बरोबर ऐकलं ना, असं विचारल्यासारखं. मग भावाकडे. त्यानं डॉक्टरांचे ओठ वाचले होते. तो उठून तिच्या खुर्चीपाशी आला आणि मोठ्यानं, जसं तो नेहमी बोलतो तसं, म्हणाला, "ऐकलंस ना आई? मला ऐकू आलं, तुला आलं का?" आई त्याच्या पोटाशी डोकं टेकवून कितीतरी वेळ रडली. चाळीस वर्षांच्या आसपासचं ते रडणं होतं. मी जन्मभर पाहिलेल्या आईच्या खांद्यांना एक पोक होतं. ते वयाचं आहे असं मी समजत होते.

भावाची बायको मला अक्का म्हणते, आईला आई. मराठी ती आईकडून शिकली आहे, पण तमिळमध्ये 'मी' म्हणताना क्रियापदाला बाईपुरुष नसतो, त्यामुळे ती अजूनही 'मी येतो, मी जातो' म्हणते. त्या दिवशी इस्पितळाच्या उपाहारगृहात आम्ही चौघं कॉफी पुढ्यात घेऊन बसलो होतो. भावाच्या पुढ्यात अर्थात काही नव्हतं. आणि ती एकदम म्हणाली, "माझा किडनी बघा. मी देतो."

"अगं नाही," आई म्हणाली. "तुझ्या आईवडिलांना मी काय तोंड दाखवू? आमच्या रक्तातला दोष, आणि त्याची भरपाई तू का करायची?"

"आई, त्या डॉक्टर काय म्हणाल्या? तुमचं चालत नाही, अक्काचं चालत नाही. तो हिरवा रेघ माझ्यात सरळ आहे." मग तिला मराठी पुरेना. ती तमिळमध्ये भावाला म्हणाली, "गणितात जो वजा होऊ शकतो त्याच्यातूनच वजा करायचं असतं."

भाऊ मान हलवत होता, नको नको. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, म्हणजे त्याला ओठ दिसतील. "मी देतो," ती मराठीतच म्हणाली.

"देते," आई म्हणाली. डोळे पुसत, सवयीनं. "मी देते."

"हां, तेच. मी देते."

आणि आम्ही सगळे हसलो. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली इतके.

तिच्या वडिलांना समजावायला भाऊ जाणार होता. पण तिनं त्याला जाऊ दिलं नाही, स्वतःच गेली. काय बोलली ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. तिच्या तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी तिचे आईवडील आमच्या आधी येऊन बसलेले होते, आणि तिच्या आईनं माझ्या आईसाठी केळीच्या पानात बांधून इडल्या आणल्या होत्या. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या.

नवी किडनी लागल्याबरोबर कामाला लागली. डॉक्टरांनी बाहेर येऊन तेवढंच सांगितलं आणि मास्क खाली ओढून हसल्या. त्या उन्हाळ्यात भावानं पाणी पिऊन घेतलं. आईनं तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवावा आणि त्यानं तो गटागटा रिकामा करावा. आम्ही तिघी बायका ते बघत बसायचो, जसं काही क्रिकेटची मॅच चालली आहे.

बरं झाल्यावर आईनं हट्ट धरला की प्रयोगशाळेतल्या त्या डॉक्टरांना भेटायचं. ती नारळाच्या वड्या घेऊन गेली. मूळ काचेवरची चमक एव्हाना विझली होती, ती टिकत नाही. पण त्यांनी फोटो काढून ठेवले होते. आईनं लेकाचा काळा फोटो पाहिला, माझा तुटक रेघांचा पाहिला. मग म्हणाली, "हे असं ओळखणारं औषध केलं कुणी?"

"परदेशातल्या कुणी शास्त्रज्ञांनी, अम्मा. त्यांनी उंदरांना त्या कोलॅजनचा अंश टोचला. उंदरांच्या शरीरानं त्याला ओळखणारं प्रतिपिंड बनवलं. मग त्यातली नेमकी एक पेशी शोधून वाढवली. तिचीच वंशावळ अजून चालू आहे."

"उंदरांना?"

"हो. आपल्या घुशींएवढ्या मोठ्या."

आई विचारात पडली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "म्हणजे गणपतीच्याच गाडीनं आलं म्हण की." मी ते तमिळमध्ये सांगितलं तेव्हा ते गृहस्थ इतके हसले की बाहेरची मुलगी दार उघडून बघायला आली.

मी आता रोज सकाळी एक गोळी घेते. तपासणीला जाते तेव्हा डॉक्टर आकडे पाहतात, मान हलवतात आणि आधी आईची चौकशी करतात. ज्या बाईंवर मी त्या दिवशी चिडले होते त्यांनी माझं पुढचं म्हातारपण वाचवलं, हे आकडे पाहताना मला दरवेळी जाणवतं. बोलून दाखवायला गेलं की त्या विषय बदलतात.

पण खरी कामाला लागली ती आई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, माहेरच्या बाजूला कळवा. तिनं ते आज्ञेसारखं घेतलं. रोज दुपारी जेवण आवरलं की ती फोन घेऊन बसायची. सांगली, मिरज, इचलकरंजी. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बोलणं नव्हतं अशा चुलतमावस बहिणींना गाठून ती सांगायची, "घरात कुणाला ऐकायला कमी येतं का? लघवी कधी लाल होते का? मग तपासून घ्या, लाजू नका. फटाक्यानं न् तेलानं कान जात नसतात." आमची आई, जी आत्यापुढे कधी वर मान करून बोलली नव्हती. तिला कुणी उडवून लावलं, कुणी म्हणालं आमच्यात असलं काही नाही. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करायची.

तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं, म्हणजे माझ्या मिरजेच्या मावसबहिणीनं, शेवटी ऐकलं. तिची लघवी तपासली, मग तिच्या शाळकरी मुलाची. आमच्याच डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून पुढचं सगळं करून घेतलं. त्याचे कान अजून शाबूत आहेत, किडन्याही. औषध आत्ताच सुरू केलं तर पुष्कळ वर्षं तशाच राहतील, असं सांगितलंय.

हे कळवायला तिचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. आईनं स्पीकर लावला होता. "मावशी," ती म्हणाली, "गोळ्या सुरू केल्या बघ त्याच्या कालपासून. तू मागे लागली नसतीस तर कुणी बघितलं असतं?"

"न विसरता देत जा," आई म्हणाली. "आणि त्याला सांग, चेन्नईला ये सुट्टीत. मामा समुद्र दाखवील."

मग ती फोन ठेवून भाताला पाणी ठेवायला उठली.